कार्ड कुठलं तुमचं?

लखनौमध्ये नव्या माणसाला पहिला प्रश्न कोणता विचारायचा, हे त्याच्या वयावरून ठरतं. पंचविशीतल्याला विचारतात, नोकरी कुठं? पस्तिशीतल्याला, प्लॉट कुठं घेतला? पन्नाशीतल्याला, मुलाचं पॅकेज किती? आणि तुम्ही साठीला टेकलात, की इंदिरा नगरच्या कुठल्याही उद्यानात एखादे वयस्कर गृहस्थ बाकावर तुमच्याकडे अर्धी वीत सरकतात आणि अत्यंत अदबीनं विचारतात, "भाईसाहब, आपका कार्ड कौन सा है?"

आधार नव्हे, रेशनही नव्हे. आजारी पडल्यावर दाखवायचं कार्ड. तुमच्या उत्तरावरून ते ठरवतात की तुमच्याशी कोणत्या स्वरात बोलायचं: आदराच्या, बरोबरीच्या की सांत्वनाच्या.

इंदिरा नगर ही उत्तर प्रदेश आवास विकास परिषदेनं वसवलेली वसाहत. आशियातली सर्वांत मोठी, असं इथला प्रत्येक जण सांगतो. बाकीचा आशिया मोजून आलेला मात्र अजून कुणी भेटलेला नाही. सेक्टर आकड्यांत, ब्लॉक अक्षरांत आणि निम्मी घरं भविष्य निर्वाह निधीत. काही पाट्यांवर मालकाच्या नावापेक्षा 'सेवानिवृत्त' हा शब्द मोठा असतो. मी सातारा जिल्ह्यातला. केंद्र सरकारच्या एका कार्यालयात बदली होऊन तीन वर्षांसाठी म्हणून इथं आलो आणि आता इथूनच निवृत्त होतोय. त्यामुळे गेले काही महिने सकाळच्या फेरफटक्यात माझी बढती झाली आहे. चालणाऱ्यांतून मला बसणाऱ्यांत घेतलंय.

बसणाऱ्यांत वर्णव्यवस्था आहे, आणि ती कार्डानुसार आहे.

सर्वांत निर्धास्त रेल्वेवाले. त्यांची आरईएलएचएस नावाची योजना १९९७ पासूनची. निवृत्त होताना एकदा ठरलेली रक्कम भरली की रेल्वेचं हॉस्पिटल जन्मभर आपलं. शिवाय ते हॉस्पिटल बादशाहनगरला, म्हणजे इंदिरा नगरहून मेट्रोनं तिसऱ्या स्टेशनावर. आमच्या बाकावरचे रेल्वेवाले काका आजारपणाबद्दल बोलतात तेसुद्धा आरक्षण कन्फर्म झालेल्या प्रवाशाच्या सुरात. वर पास असतोच, त्यामुळे भारतात कुठंही जाऊन आजारी पडायची त्यांची तयारी आहे.

मग सुभेदारसाहेब. त्यांचं, म्हणजे माजी सैनिकांचं, ईसीएचएस १ एप्रिल २००३ ला सुरू झालं आणि ही तारीख ते लढाईच्या तारखेसारखी सांगतात. मुंशी पुलियाच्या चौकात स्कूटरनं धक्का दिला तरी ते आधी छावणीची दिशा बघतील, मग जखमेकडे.

राज्य सरकारच्या सचिवालयातून निवृत्त झालेल्या गृहस्थांकडे २०२२ मध्ये आलेली पंडित दीनदयाल उपाध्याय राज्य कर्मचारी कॅशलेस चिकित्सा योजना आहे. खासगी रुग्णालयात वर्षाला ५ लाखांपर्यंत आणि सरकारी वैद्यकीय संस्थांत मर्यादा नाही. योजना चांगली आहे. फक्त तातडीच्या प्रसंगी तिचं नाव रुग्णानं स्वतः सांगू नये, दम लागतो.

बँकवाल्यांचा बाक वेगळा. त्यांचा गट विमा आहे, पण निवृत्तांचा हप्ता निवृत्तांच्याच खिशातून जातो. नूतनीकरणाचे दिवस जवळ आले की बँकवाले एकमेकांना फक्त आकडे सांगतात, वाक्यं नाहीत. आयुष्यभर दुसऱ्यांना व्याज समजावून सांगितलेली ही माणसं हप्ता कसा वाढतो हे कुणी आपल्याला समजावून सांगावं म्हणून बसलेली असतात.

आणि अगदी टोकाला, कुणाच्या अध्यातमध्यात नसलेले एक कारखान्यातले माजी फोरमन. त्यांचं ईएसआयसी, म्हणजे कर्मचारी राज्य विमा. ही योजना मुळात उत्तर प्रदेशचीच लेक म्हणायची, कारण २४ फेब्रुवारी १९५२ रोजी नेहरूंनी तिचं उद्घाटन कानपुरात केलं. किमान ५ वर्षं विमापात्र नोकरी करून वयोमानानं निवृत्त झालेल्याला आणि त्याच्या जोडीदाराला पुढं वैद्यकीय सेवा चालू ठेवता येते. वर्गणी वर्षाला १२० रुपये. महिन्याला नव्हे. हा आकडा त्यांनी पहिल्यांदा सांगितला तेव्हा बँकवाले उठून एक फेरी मारून आले.

माझं सीजीएचएस, केंद्र सरकारी आरोग्य योजना. १९५४ साली दिल्लीत सुरू झाली आणि हळूहळू इतर शहरांत पसरली. बाकावर हिचा मान मोठा, कारण हिच्यात हॉस्पिटल तर आहेच, पण रक्तदाबाच्या, साखरेच्या, कोलेस्टेरॉलच्या गोळ्यासुद्धा दर महिन्याला डिस्पेन्सरीतून मिळतात. सरकारनं तिला वेलनेस सेंटर म्हटलंय, पण तिथं जाणारा कुणी वेल नसल्यामुळे ते नाव टिकत नाही. गोळी शिल्लक नसली की तिचा 'इंडेंट' लागतो आणि ती दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी केमिस्टकडून येते. आमच्याकडे निवृत्त माणूस दिसला नाही तर "गेले का?" असं घाबरून विचारू नये. इंडेंट आणायला गेलेला असतो.

निवृत्तीआधी सरकार एक कार्यशाळा घेतं. तिथं पेन्शन, गुंतवणूक, योगासनं आणि सीजीएचएस या चार विषयांवर व्याख्यानं होतात. जेवण योगासनांच्या आधी असतं. आमच्या कार्यशाळेत आरोग्याचं सत्र शेवटी होतं, आणि तोवर जे झोपले होते ते 'अंशदान' या शब्दाला खडबडून जागे झाले. दर असे: वेतनस्तर १ ते ५ साठी महिना २५० रुपये, ६ साठी ४५०, ७ ते ११ साठी ६५० आणि १२ व त्यावर १,०००. निवृत्त माणसानं हे दरवर्षी भरावं किंवा १२० महिन्यांचं एकदम भरून आजन्म कार्ड घ्यावं. माझ्या स्तराला एकदम भरायचे ७८,००० रुपये.

आता १२० महिने म्हणजे दहा वर्षं. म्हणजे एकरकमी भरणाऱ्यानं सत्तरी ओलांडली की पुढचं सगळं फायद्यात. सभागृहात हे गणित सुटल्याबरोबर प्रत्येक जण आपापले वडील किती जगले ते आठवायला लागला. माझ्या शेजारच्या सहकाऱ्यानं कागदावर वडील, दोन काका आणि आजोबा यांची वयं लिहून सरासरी काढली, मग एका काकाला अपघात म्हणून वगळलं आणि सरासरी वाढवली. व्याख्याते सांगत होते, "घाई करू नका, विचार करून पर्याय निवडा." पर्याय कसला निवडायचा? अर्जात विचारलंय ते एवढंच, की तुम्ही किती जगायचं म्हणताय.

घरी येऊन हिला विचारलं. ही म्हणाली, "आजन्मच घ्या. दरवर्षी भरायचं म्हणजे दरवर्षी आपण दोघांनी बसून, यंदा भरावेत की नाही, याचा विचार करायचा. मला नाही जमायचं ते."

या योजनेत एक गंमत आहे, ती नोकरीत असताना कळत नाही. नोकरीत असलेल्यानं एरवी रुग्णालयाचं बिल आधी स्वतः भरायचं आणि मग आपल्याच खात्याकडे ते मागत बसायचं, तातडीचा प्रसंग वगळता. तोच माणूस निवृत्त झाला की यादीतल्या रुग्णालयात कॅशलेस. निळं कार्ड जाऊन हिरवं येतं, आणि तीस वर्षं ज्या साहेबाच्या सहीवाचून अडत होतं तो साहेब मधून नाहीसा होतो. मी तर म्हणतो, आजारी पडायची योग्य वेळ निवृत्तीच्या दुसऱ्या दिवसापासून सुरू होते.

वॉर्डाचंही तसंच. तुम्ही रुग्णालयात कुठं झोपायचं हे तुमच्या मूळ वेतनावर ठरतं. ३६,५०० पर्यंत जनरल, तिथून ५०,५०० पर्यंत सेमी-प्रायव्हेट, त्यावर प्रायव्हेट. म्हणजे खाटेभोवती पडदा असावा की भिंत, हे एका वेतनवाढीवर लटकू शकतं. आमच्या कार्यालयातला एक जण ५०,५०० च्या अगदी काठावर निवृत्त झाला. तो म्हणतो, "दुखणं साहेबांचं आणि माझं एकच, पण त्यांचं दुखणं बंद दाराआड." मुलांचे नियमही काटेकोर. मुलगा कमवायला लागला, लग्न केलं किंवा २५ वर्षांचा झाला, यातलं जे आधी होईल तेव्हा तो कार्डावरून उतरतो. मुलगी मात्र कमवायला लागेपर्यंत किंवा लग्न होईपर्यंत राहते, वय काहीही असो. आमचा मुलगा पंचविसावा वाढदिवस साजरा करत होता तेव्हा हिनं केक कापायच्या आधी त्याला विचारलं, "दात दाखवून आलास का?"

या सगळ्याचं मूळ जन्मतारखेत आहे आणि तिथं मराठी माणसावर मोठाच अन्याय झालेला आहे. आमच्या पिढीत महाराष्ट्रातल्या खेड्यात मूल शाळेत घालायला नेलं, की हेडमास्तर त्याच्याकडे एकदा बघत आणि १ जून लिहीत. शाळा जूनमध्ये सुरू होत असे, म्हणून. माझ्या वर्गातल्या अर्ध्या पोरांचा वाढदिवस एकाच दिवशी आणि खरा एकाचाही नाही. उत्तर प्रदेशात शाळा जुलैत सुरू व्हायच्या, म्हणून इथल्या हेडमास्तरांनी १ जुलै लिहिला. वरवर बघता एका महिन्याचा फरक.

पण केंद्र सरकारचा नियम असा, की ज्याचा जन्म महिन्याच्या १ तारखेचा, तो आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. म्हणजे मी ३१ मे, आणि माझा लखनवी सहकारी ३० जून. आम्हा दोघांची वार्षिक वेतनवाढ पडते १ जुलैला. सर्वोच्च न्यायालयाच्या एप्रिल २०२३ च्या निकालानंतर, ३० जूनला निवृत्त होणाऱ्याला पेन्शनपुरती ती वाढ काल्पनिक धरून देतात. वर्षभर राबलाय, एका दिवसानं कशाला हुकवायची, असा त्यामागचा न्याय. तो न्याय ३१ मेपर्यंत पोचत नाही. दोन हेडमास्तरांनी एकाच देशात, एकाच अंदाजानं, दोन पोरांच्या जन्मतारखा ठोकून दिल्या. एकाला एक महिना नोकरी आणि जन्मभराची वेतनवाढ जास्त मिळाली. सहकाऱ्यानं मला हे समजावून सांगितलं तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर इतकी सहानुभूती होती की चहाचे पैसे मलाच द्यावे लागले.

जन्मतारखेचा खरा तमाशा बघायचा तर चौकात जावं. जुन्या लखनौच्या चौकात सोन्या-चांदीच्या गलाईचा धंदा आहे आणि त्यात आपली माणसं आहेत. सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडीकडची ही मंडळी दुष्काळाला कंटाळून देशभर पांगली आणि जिथं सराफ कट्टा तिथं भट्टी लावून बसली. आमच्या ओळखीचे अण्णा त्यातलेच. भट्टी आता मुलाकडे दिली आणि स्वतः इंदिरा नगरात फ्लॅट घेतला. थंडीत ते चौकातून मक्खन मलाई घेऊन बाकावर येतात, आणि कोलेस्टेरॉलच्या गोळ्या कुठल्या कार्डावर मिळतात याची चर्चा ती खात खात होते.

अण्णांच्या हातात शहराचं किती सोनं वितळून गेलं याचा हिशेब नाही, पण त्यांना कार्ड नाही. नोकरी नव्हती म्हणून पेन्शनीचं नाही, गरीब नाहीत म्हणून आयुष्मानचं नाही. २३ सप्टेंबर २०१८ ला रांचीत सुरू झालेल्या आयुष्मान भारतमध्ये कुटुंबाला वर्षाला ५ लाखांचं संरक्षण आहे, पण ते ठरावीक कुटुंबांना. मग २९ ऑक्टोबर २०२४ ला, धनत्रयोदशीला, सरकारनं सत्तर आणि त्यापुढच्या सगळ्यांना ते खुलं केलं. उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड घ्यायचं. जुनी दुखणी पहिल्या दिवसापासून धरतात, हप्ता शून्य. दाखल व्हावं मात्र लागतं. नुसत्या गोळ्यांना त्यात जागा नाही. घरात नवरा-बायको दोघं सत्तरीपार असली तर ५ लाख दोघांत मिळून. म्हणजे दिवाळीत बसून ठरवायचं, यंदा गुडघा तुझा की बायपास माझी.

ही बातमी आली त्या दिवशी अण्णा सत्तर वर्षांचे होते. आधार कार्डावर अडुसष्ट. वडिलांनी शाळेत घालताना दोन वर्षं कमी सांगितली होती, पोरगं पुढंमागं नोकरीला लागलं तर दोन वर्षं जास्त टिकेल म्हणून. पोरगं सातवीतून उठून भट्टीवर गेलं आणि त्या दूरदृष्टीचा उपयोग पहिल्यांदा आत्ता झाला, तो असा. वय ठरतं आधारवरून. अण्णा म्हणाले, "आयुष्यात एकदाच म्हातारं व्हायची घाई झाली, तर सरकार म्हणतंय, तुम्ही अजून तरुण आहात."

मधल्या काळासाठी खासगी विमा घ्या, असा बँकवाल्यांनी सल्ला दिला. तो चुकीचा नव्हता. विमा नियामकानं एप्रिल २०२४ पासून पॉलिसी घ्यायला ६५ वर्षांची जुनी अट काढून टाकली, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटीही गेला. पण आधीपासून असलेल्या आजारांसाठी कंपनी ३ वर्षांपर्यंत थांबायला लावू शकते. अण्णांनी बोटं मोजली. अडुसष्ट अधिक तीन, एकाहत्तर. विम्यात त्यांचा जुना दमा धरायला लागतील त्याच्या वर्षभर आधी सरकारी कार्ड आलेलं असणार. एजंटासमोर त्यांनी हा हिशेब तोंडी मांडला, तेव्हा त्या पोरानं त्यांना आपल्या कंपनीत काम कराल का, असं विचारलं म्हणे. साठ ते सत्तर या दहा वर्षांत, ज्याच्यामागे कुठलंच खातं नाही, अशा मध्यमवर्गीय माणसानं नेमकं काय करावं, याचं उत्तर आमच्या पूर्ण बाकाकडे नाही. तब्येत सांभाळा म्हणतात. कुकरैलच्या जंगलात जाऊन चाला म्हणतात. तिथल्या केंद्रात घडियाल मगरींची पैदास करतात. त्यांची देखभाल सरकारी खर्चानं, वयाची अट न घालता होते, हे अण्णांनी दोनदा लक्षात आणून दिलंय.

माझी अडचण वेगळी, नकाशाची. हिला गावी जायचंय. वाईजवळचं आमचं घर, मागं कृष्णेचा मळा, वांग्यांचं भरीत, हे सगळं ती इथं आल्यापासून बोलतेय आणि मीही मान डोलावत आलोय. पण गावात सीजीएचएसचं केंद्र नाही. जवळचं पुण्यात. केंद्राच्या हद्दीबाहेर राहणाऱ्या पेन्शनरला बाह्योपचारासाठी महिना १,००० रुपये निश्चित वैद्यकीय भत्ता मिळतो, आणि दाखल होण्यापुरतं कार्डही ठेवता येतं. कागदावर छान आहे. हिनं माझ्या गोळ्यांची महिन्याची किंमत काढली, स्वतःच्या गोळ्यांची काढली आणि बेरीज न सांगता डबा बंद केला.

"आपण म्हणत होतो, म्हातारपण गावी काढायचं," मी म्हणालो.

"म्हणत होतो तेव्हा एकही गोळी नव्हती," ही म्हणाली.

हे मी बाकावर सांगितलं तर सगळे एकदम गंभीर झाले. प्रत्येकाचं एकेक गाव निघालं. रेल्वेवाल्यांचं बलियाकडे, सुभेदारसाहेबांचं पिथौरागढच्या डोंगरात, सचिवालयवाल्यांचं गोंड्यात. सगळ्यांची घरं तिथं बांधलेली, रंगवलेली, आणि कुलूप लावलेली. आंबे येतात, भाऊबंद खातात. आपण इंदिरा नगरात का राहिलो, तर हवा चांगली म्हणून नाही, मेट्रो आली म्हणूनही नाही. कार्ड चालतं तिथं राहिलो. सुभेदारसाहेब तर म्हणाले, फौजेत असताना पोस्टिंग हेडक्वार्टर ठरवायचं, आता पॉलिक्लिनिक ठरवतं.

भावाला फोन केला. महाराष्ट्रात महात्मा फुले जन आरोग्य योजना, २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी म्हणून सुरू झालेली, आता उत्पन्न न बघता ५ लाखांपर्यंत आहे, तेव्हा गावच्या रेशनकार्डावर माझं नाव अजून आहे का, असं विचारलं. पलीकडे बराच वेळ शांतता. मग भाऊ म्हणाला, "आहे की. दादा, तुझं नाव आम्ही कधी कमी होऊ दिलं नाही." आवाज भरून आला होता. पाठीमागून वहिनी म्हणाली, "तुमची साखर येत होती ना."

शेवटी मधला मार्ग हिनंच काढला. कार्ड पुण्याचं करायचं, राहायचं हिच्या बहिणीकडे कोथरूडला, आणि शनिवार-रविवार गावी. गोळ्या पुण्यात, भरीत वाईला. बहिणीकडे वरचा मजला रिकामा आहे. साडू बँकेतून निवृत्त झालेत. फोनवर त्यांनी आधी पंधरा मिनिटं यंदाच्या हप्त्याबद्दल सांगितलं, मग आमच्या कार्डावर महिन्याला कोणकोणत्या गोळ्या मिळतात ते नावानिशी विचारून घेतलं, आणि मग फारच आग्रह केला: या हो, वरचा मजला तुमचाच समजा, भाड्याचं नावसुद्धा काढू नका, एका कुटुंबासारखे राहू. 'कुटुंब' हा शब्द त्यांनी पुन्हा पुन्हा वापरला. सीजीएचएसच्या अर्जात कुटुंबाची व्याख्या छापलेली आहे आणि तिच्यात साडू बसत नाही, हे मी त्यांना कळवणार आहे. सामान वर चढलं की.